तालीम, टाळ आणि मंदिर परेड : युद्धकाळातल्या सातारी रंगरुटाचा देवधर्म आणि फावला वेळ

सातारा-सांगलीकडच्या जुन्या गावांत मारुतीचे देऊळ आणि तालीम बहुधा एकमेकांच्या शेजारी सापडतात. कुस्तीच्या मातीच्या हौदात उतरणारा पोरगा आधी मारुतीच्या पाया पडतो, मग लंगोट कसतो. लेझीम तालमीत अंग कमावायला असते आणि तीच यात्रेत पालखीपुढे नाचते. पोवाडा ऐकताना करमणूक कुठे संपली आणि भक्ती कुठे सुरू झाली, हे ऐकणाऱ्यालाही सांगता येत नाही. दोन्ही महायुद्धांत या भागातली पोरे भरती झाली ती ही सगळी सवय अंगात घेऊनच. प्रशिक्षण केंद्राच्या वेळापत्रकात मात्र संध्याकाळचे खेळ एका रकान्यात आणि रविवारची मंदिर परेड दुसऱ्या रकान्यात होती. कागदावर वेगळ्या झालेल्या या दोन गोष्टी रंगरुटांनी पुन्हा जोडल्या आणि पलटणीने त्या तशाच स्वीकारल्या. मराठा पलटणींच्या छावणीजीवनाचा विचार करताना हा धागा हातात ठेवावा लागतो.

आधी भूगोल. त्या काळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच होते, तर सांगली, मिरज, जत ही संस्थाने होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे लष्कराच्या जुन्या नोंदीत 'जिल्हा सातारा' लिहिलेला जवान आजच्या हिशेबाने सांगलीचा असू शकतो. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याच्या ४६ जवानांनी पहिल्या महायुद्धात प्राण दिले. आजही ते गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखले जाते. १९२२ च्या पुनर्रचनेत जुन्या मराठा पलटणी एका छत्राखाली आल्या, ५वी मराठा लाइट इन्फन्ट्री तयार झाली आणि तिची प्रशिक्षण पलटण बेळगावात बसली. सातारा रोड, कोरेगाव, रहिमतपूर, कराड, मिरज अशी मीटरगेज गाडी सरळ बेळगावला जाई. पत्र्याची ट्रंक, घोंगडी आणि घरच्या देवाचा अंगारा एवढ्यावर पोरगा गाडीत बसे.

शिपायाच्या धर्माबाबत लष्कर इतके जपून का वागत होते, याची मुळे फार मागे जातात. १८०६ मध्ये वेल्लोरला नवी पगडी घालण्याचा, गंध पुसण्याचा आणि दाढी काढण्याचा हुकूम निघाला आणि १० जुलैला उठाव झाला. १८५७ ची काडतुसे तर सर्वांना माहीत आहेत. त्याची झळ आपल्या भागालाही लागली. कोल्हापुरात २७व्या पलटणीने ३१ जुलैला बंड केले आणि साताऱ्यात ८ सप्टेंबरला गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड दिला गेला. त्यानंतर एक धोरण पक्के होत गेले. शिपायाच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही, पण त्याच्या धर्माची व्यवस्था मात्र पलटणीनेच ठेवायची. पलटणीचे मंदिर, पलटणीचा पंडित, मुसलमान जवान असतील तर मौलवी, आणि मांस झटक्याचे की हलालचे यानुसार कापण्याची वेगळी जागा, हे सगळे त्यातूनच आले.

या व्यवस्थेतला रंगरुटासाठी सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे कसम परेड. प्रशिक्षण संपताना धर्मग्रंथ साक्षीला ठेवून शपथ घ्यायची आणि ती पंडिताने द्यायची. म्हणजे पंडित हा फक्त आरतीपुरता माणूस नव्हता. शिपाई आणि पलटण यांच्यातला करार त्याच्या तोंडून होत असे. आजही धर्मशिक्षक हे सैन्यातले रीतसर पद आहे आणि त्याला जेसीओचा (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरचा) हुद्दा असतो.

जेवणाची बाब सांभाळली नाही तर काय होते, हे मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुत-अल-अमाराच्या वेढ्यात दिसले. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात तिथे १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून मांस वाटायला सुरुवात झाली. बहुतेक हिंदी शिपायांनी ते नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवली गेली, तरी पुष्कळांनी आठवडेच्या आठवडे त्याला हात लावला नाही आणि स्कर्व्हीने माणसे खंगली. परवानगीची तार वेढ्यात पोहोचून उपयोग नव्हता. गावी परतल्यावर जातभाई पंक्तीला घेतील का, ही भीती तारेने जाणारी नव्हती. काय खावे लागेल, का खावे लागेल आणि त्यात कमीपणा का नाही, हे युद्धावर जाण्याआधी छावणीतच बोलून व्हायला हवे, एवढा धडा त्यातून नक्की निघतो.

बेळगावच्या लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, हा प्रश्न लहान रूपात रोज येई. सातारा भागात वारकरी घरे भरपूर. ज्ञानेश्वरमाउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी याच जिल्ह्यातून जाते. गळ्यात तुळशीची माळ असलेला रंगरूट मटणाच्या दिवशी काय खाणार? माळकऱ्याला वेगळी डाळ-भाजी हवीच, पण वाढणारा पळा मटणाच्या पातेल्यातून आला तर त्याचे ताट वाया जाते. म्हणून पळा आणि परात वेगळी ठेवणे हेच खरे काम. भाजी वेगळी शिजवली एवढ्याने भागत नाही. एकादशीचा प्रश्न आणखी अवघड. उपाशी पोटी पाठीवर बोजा घेऊन कूच केले की माणूस चक्कर येऊन पडतो. उपवास मोडायचा नसेल तर शेंगदाणे, गूळ, वरई, रताळी हा आधार. १९४२ मध्ये मलाया जपानच्या हाती गेल्यावर तिकडून येणारा साबुदाणा बंद झाला. तमिळनाडूतल्या सेलमकडे टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा धंदा त्याच टंचाईत उभा राहिला.

आता खेळ. हॉकी, फुटबॉल, बॉक्सिंग हे साहेबांबरोबर आलेले. सातारी पोरांचा जीव मात्र कुस्ती आणि हुतूतूत. हुतूतूला आखलेली जमीन आणि दम यापलीकडे काही लागत नाही, म्हणून तो कुठल्याही छावणीत लगेच रुजतो. कुस्तीला हौद लागतो आणि हौद हे निगुतीने राखायचे काम आहे. तांबडी माती चाळून खडा-काडी काढायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मुरवायचा आणि रोज कुस्तीआधी खोऱ्याने उकरून ती मोकळी करायची. दोन दिवस उकरली नाही तर माती दगडासारखी बसते आणि पाठीवर पडणारा गडी हंसळी (खांद्यापुढचे गळ्याचे हाड) मोडून घेतो. हंसळी दुखावलेला रंगरूट चांदमारीला (नेमबाजीच्या सरावाला) निकामी, कारण .३०३ रायफलचा धक्का नेमका तिथेच बसतो. उलट पावसाळ्यात माती ओली राहिली की गजकर्ण पसरते, आणि एकाच बराकीत झोपणाऱ्या पोरांत ते भराभर फिरते. म्हणून हौदावर छप्पर हवे आणि कुस्तीनंतर आंघोळ हवी. इथे आळस केलेला चालत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले, ते याच मुलखातल्या कुस्तीच्या वेडातून.

लेझीम हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा दुवा. दीडेक फुटाचा लाकडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना अडकवलेली साखळी, साखळीत लोखंडी चकत्या आणि मधोमध धरायला मूठ. दिसायला सोपी, पण शंभर माणसांचा आवाज एकच यायला हवा. चार आवाज, आठ आवाज अशा पायऱ्यांनी ती शिकवतात. नव्या पोरांचे दोन ठिकाणी चुकते. साखळी पूर्ण ताणायच्या आधीच हात परततो, मग खणकन आवाज न येता नुसती खुळखुळ येते. दुसरी चूक अंतराची. कवायतीच्या रांगेतले एका हाताचे अंतर लेझमीला पुरत नाही. वाकून फिरताना शेजाऱ्याच्या कानावर साखळी बसते, म्हणून रांगा दुप्पट मोकळ्या कराव्या लागतात. पाय ठेक्यात पडणे, कानाने हुकूम पकडणे आणि शेजाऱ्याकडे न बघता त्याच्याबरोबर राहणे, हे कवायतीचे सगळे सार तिच्यात आहे. ड्रिलमध्ये डावा-उजवा गोंधळणारा पोरगा हलगी वाजली की बरोबर चालतो. त्याला ती चाल गावच्या पालखीपुढे आलेली असते.

हलगीचे कातडे मात्र बेळगावच्या पावसात ढिले पडते. जूनपासून ते रोज शेकावे लागते. काड्यांचा जाळ करून हलगी त्याच्याभोवती फिरवायची आणि बोटाने टिचकी मारून नाद बघत राहायचे. जास्त शेकले तर कातडे तडकते, कमी शेकले तर पाच मिनिटांत आवाज पुन्हा बसतो.

भजनाची जागा रात्रीच्या हजेरीनंतरची. त्या काळी सैन्यात शिकवण्याची भाषा रोमन उर्दू होती. बंदुकीच्या भागांची नावे, हुकूम, परीक्षा, सगळे त्याच बोलीत. दिवसभर परक्या भाषेत चुकत-माकत शिकणाऱ्या पोराला भजनाचा तासभर स्वतःची मराठी परत मिळे. देवभक्तीइतकेच ते सुख मोठे होते, असे आम्हाला वाटते. लागणारे सामान थोडके : टाळांच्या जोड्या, एक पेटी, एक पखवाज. पखवाजाच्या डाव्या तोंडाला प्रत्येक वेळी ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, त्याशिवाय घुमार येत नाही. ही कणीक लंगरातून मागून आणायची, लिंबाएवढी. पाणी जास्त झाले तर ती ओघळते, घट्ट असेल तर वाजवताना सुटून पडते. भजन संपल्यावर ती खरवडून काढायचीच. तशीच राहिली तर कातडे कुजते, आणि रात्री उंदीर कणकेबरोबर कातडेही कुरतडतात. गावात जागर पहाटेपर्यंत चालतो. छावणीत दिवे मालवायचा बिगुल ठरलेला. म्हणून रूपाचा अभंग, दोन-तीन अभंग, एखादी गौळण आणि लगेच आरती, असे आटोपशीर भजन होते. गावच्या भजनाची सवय असलेल्यांना ते अपुरेच वाटणार.

मंदिराची बाजू सगळ्यांसाठी सारखी नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवे. महार जवानांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. १९१७ मध्ये १११व्या महार पलटणीच्या रूपाने ती पुन्हा उघडली, पण १९२१ मध्ये ती पलटणही मोडली. भरती पुन्हा उघडा या महारांच्या मागणीमागे जुनी लष्करी घरे होती. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर साताऱ्यात राहिले. ते कबीरपंथी, आणि त्यांच्या घरात दोहे-अभंगांचे पठण नेमाने चाले. त्यांचा मुलगा भीमराव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्या रंगरुटांना गावच्या देवळाची पायरी चढायला बंदी होती. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा कायदा आला तो १९४७ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर. वर्दी चढवून देशाबाहेर लढायला निघालेल्या माणसाला गावातला मारुती मात्र लांबूनच बघावा लागे. ही गोष्ट आजही टोचते.

सरकारी करमणुकीबद्दल थोडक्यात. पहिल्या महायुद्धात वायएमसीए या ख्रिस्ती संस्थेच्या झोपड्यांतून ग्रामोफोन, खेळ, लिहायला कागद आणि पत्र लिहून देणारा माणूस मिळे. हिंदी शिपायांत ख्रिस्ती धर्माचा प्रचार करायचा नाही, ही त्यांच्यावर अट होती. दुसऱ्या युद्धात फिरता सिनेमा, रेडिओ आणि १९०९ पासून निघणारा 'फौजी अखबार' आला. १९४३ पासून 'जोश' नावाने मनोबल वाढवण्याचे कार्यक्रम सुरू झाले. त्यांना आझाद हिंदच्या प्रचाराला तोंड द्यायचे होते. सातारी जवानाच्या मनात मात्र घरचीच धग होती. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला मोर्चांवर गोळीबार झाला. पुढे प्रतिसरकार उभे राहिले, कुंडलच्या तुफान सेनेत पोरे लाठी-कवायत शिकू लागली. त्याच तालमीतली, त्याच भजनातली भावंडे एकीकडे बेळगावात आणि दुसरीकडे कुंडलात कवायत करत होती. अशा वेळी पोवाडा कुणी कोणता म्हणावा हा छावणीत नाजूक प्रश्न असणारच. शिवाजी महाराजांचे नाव मात्र दोन्हीकडे गर्जत होते.

यात्रेला सुटी मिळणे अवघड. पौषात मांढरदेवी आणि पाल, चैत्रात शिंगणापूर आणि जोतिबा, भाद्रपदात तासगावचा रथ, हे दिवस घरच्यांच्या हिशेबात पक्के असत. आई नवस बोले आणि अंगारा-भंडारा पुडीत बांधून पत्रातून पाठवी. भंडारा ही हळदच. पुडी घट्ट नसली तर पत्र पिवळे होते आणि शाई पुसटते, म्हणून पुडी दुहेरी कागदाची हवी.

वर्षातला मोठा दिवस दसऱ्याचा. खंडेनवमीला कोतातून (शस्त्रे ठेवायच्या खोलीतून) शस्त्रे बाहेर काढायची, साफ करून ओळीने मांडायची आणि पूजा करायची. इथे पंडिताइतकेच कोताच्या हवालदाराला सावध राहावे लागते. हळद-कुंकू दस्त्याच्या लाकडावर लावावे, नळीवर किंवा बोल्टवर नाही. कुंकू ओल धरते आणि एका रात्रीत पोलादावर गंजाचा ठिपका उठतो. नारळ शस्त्रांपासून लांब फोडावा, अक्षता बोल्टच्या खाचेत जाऊ देऊ नयेत. आरती झाली की प्रसाद वाटण्याआधी प्रत्येकाने आपली रायफल कोरड्या फडक्याने पुसायची, नळीतून पुलथ्रूने (नळी साफ करायच्या दोरीने) फ्लॅनेलची चिंधी ओढायची, तेलाचा हात फिरवायचा आणि क्रमांक बोलून ती कोतात जमा करायची.