मॅकँडलेस, ब्रूस (दुसरे)

(८ जून १९३७ – २१ डिसेंबर २०१७). अमेरिकन नौदल वैमानिक, विद्युत अभियंता व अंतराळवीर. यानाशी दोराने न बांधता अंतराळात मोकळेपणी फिरणारी पहिली व्यक्ती. जन्म बॉस्टन येथे. वडील व आजोबा दोघेही नौदलात अधिकारी. अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीचे पदवीधर (१९५८). स्टॅनफर्ड विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी (१९६५).

नासाने १९६६ मध्ये त्यांची निवड केली, पण पहिले उड्डाण मिळायला १८ वर्षे लागली. अपोलो ११ मोहिमेत आर्मस्ट्राँग व ऑल्ड्रिन चंद्रावर चालत असताना ह्यूस्टनहून त्यांच्याशी बोलत होते ते मॅकँडलेसच. प्रतीक्षेचा हा काळ त्यांनी मुख्यतः एका यंत्रामागे घालवला : पाठीवर बांधून अंतराळात हिंडण्याचा संच (मॅन्ड मॅन्युव्हरिंग युनिट; एमएमयू). त्याच्या आधीच्या नमुन्याची चाचणी स्कायलॅब या अमेरिकन अंतराळ स्थानकाच्या आतच घेण्यात आली होती.

मार्टिन मारिएटा कंपनीने बनवलेल्या या संचाचे वस्तुमान सुमारे दीडशे किलो होते. दोन टाक्यांतला दाबाखालचा नायट्रोजन २४ छोट्या तोट्यांतून सोडला जाई. डाव्या हातातील दांड्याने पुढे-मागे, वर-खाली व बाजूला सरकायचे. उजव्या हातातील दांड्याने अंग वळवायचे. वायूची व विजेची व्यवस्था दुहेरी होती. एखादी तोटी उघडीच अडकली तर तो अर्धा भाग बंद करून उरलेल्या अर्ध्यावर परतता येई.

७ फेब्रुवारी १९८४ रोजी चॅलेंजर यानातून (मोहीम एसटीएस-४१-बी) बाहेर पडून मॅकँडलेस सुमारे ९८ मीटर दूर गेले. पोशाखातली शीतनव्यवस्था अंगमेहनतीच्या हिशेबाने बेतलेली होती. संचावर बसून स्नायूंना फारसे काम नव्हते, त्यामुळे त्यांना थंडीने कुडकुडायला झाले. सहकारी अंतराळवीर हूट गिब्सन यांनी टिपलेले त्यांचे छायाचित्र जगभर गाजले.

संचाची खरी परीक्षा त्यानंतरची. एप्रिल १९८४ मध्ये अंतराळवीर जॉर्ज नेल्सन हा संच घालून सोलर मॅक्स या बिघडलेल्या सूर्यनिरीक्षक उपग्रहाला जोडून घ्यायला गेले, पण पकडीचे जबडे मिटेनात. आराखड्यात नसलेला, उष्णतारोधक आवरणाचा एक बारीक भाग आड येत होता. मग सौरपंख हाताने धरायला गेल्यावर उपग्रह आणखीच गिरक्या घेऊ लागला. शेवटी तो यानाच्या यांत्रिक हाताने पकडला. नोव्हेंबरमध्ये भरकटलेले दोन दळणवळण उपग्रह परत आणताना मात्र संच कामी आला. तेच त्याचे शेवटचे उड्डाण : १९८६ च्या चॅलेंजर अपघातानंतर सुरक्षेचे निकष कडक झाले, आणि बरीचशी कामे यांत्रिक हाताने व दोर बांधूनही होतात हे एव्हाना दिसले होते.

एप्रिल १९९० मध्ये डिस्कव्हरी यानातून (एसटीएस-३१) हबल दुर्बीण कक्षेत सोडताना तिचा एक सौरपंख उलगडताना अडला. मॅकँडलेस व सहकारी अंतराळवीर कॅथरिन सलिव्हन पोशाख चढवून हवाबंद कक्षात तयार होते. पण पृथ्वीवरील तंत्रज्ञांनी पंखावरचा ताण मोजणारी यंत्रणा बंद करताच तो उलगडला. त्याच वर्षी मॅकँडलेस नासातून निवृत्त झाले. आता आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर जाणारे अमेरिकन अंतराळवीर पाठीवर ‘सेफर’ नावाचा छोटा नायट्रोजन संच बांधतात, तोही केवळ दोर सुटलाच तर परतण्यासाठी.