हिरव्या जाळीतून लाल पाणी

आमच्या रत्नागिरीकडच्या गावाबाहेर एका टेकडीचा उतार कापून बंगल्यांसाठी प्लॉट पाडायचे काम चालू आहे. मे महिनाभर जेसीबी आणि डंपर फिरत होते. जूनच्या तोंडावर खालच्या कडेला बांबू रोवून हिरवी शेडनेट ताणली गेली. मग पहिला जोराचा पाऊस झाला आणि खालचा पऱ्या दुधाच्या चहासारखा वाहू लागला. पऱ्याकाठच्या भातखाचरात लाल चिखलाचा थर बसला. मी साइटवरच्या सुपरवायझरला विचारायला गेलो, तर तो मनापासून आश्चर्य करत म्हणाला, “काका, जाळी बांधलीय की! पाणी गाळूनच जातंय.”

त्याचा काही दोष नाही. जाळी म्हणजे गाळणी हा समज इतका सरळ आहे की तो तपासावा असे कुणालाच वाटत नाही. पण चहाची गाळणी घ्या. ती पावडर अडवते, रंग अडवत नाही. पऱ्यातल्या पाण्याचा लाल रंग म्हणजे मातीचेच कण असतात, फक्त फार बारीक. मातीचे तीन घटक शाळेत शिकलो होतो: वाळू, पोयटा आणि चिकणमाती. बांधकामवाल्यांच्या मोजमापात ०.०७५ मिलिमीटरच्या वर वाळू, त्याखाली पोयटा, आणि ०.००२ मिलिमीटरच्या खाली चिकणमाती. शेडनेटची भोके दोन-तीन मिलिमीटरची. परदेशात साइटच्या कडेला जे खास विणलेले प्लास्टिकचे कापड लावतात, ज्याला तिकडे सिल्ट फेन्स म्हणतात, त्याचीही भोके ०.६ मिलिमीटरपर्यंत चालतात. म्हणजे ज्या पोयट्याचे नाव त्या कुंपणाला दिले आहे, तो त्यातून आरामात पार होतो.

मग ते कुंपण लावतात कशाला? तर पाणी तुंबवायला. कापडातून पाणी हळू झिरपते, मागे उथळ डबके साचते, आणि डबक्यात पाणी थांबले की कण आपल्या वजनाने खाली बसतात. काम होते ते थांबण्याने. म्हणून कापडाचा खालचा काठ किमान पंधरा सेंटिमीटर जमिनीत पुरलेला हवा, कुंपण समतल रेषेवर, म्हणजे सगळीकडे एकाच उंचीवर हवे आणि त्याची दोन्ही टोके उताराच्या वरच्या बाजूला वळवलेली हवीत. नाहीतर पाणी खालून किंवा बाजूने निघून जाते. वाहत्या पऱ्यात तर ते आडवे कधीच बांधू नये. आमच्या साइटवर जाळी जमिनीपासून चांगली वीतभर वर तरंगत होती.

आता माझ्या आवडीचा भाग. कण खाली बसायला किती वेळ लागतो?

याचे उत्तर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या गणितज्ञाने १८५१ मध्ये दिले. खरे तर तो लंबकांवर काम करत होता. घड्याळाचा लंबक हवेत हलताना हवा त्याला किती अडवते, हा त्याचा प्रश्न. त्यातून निघालेले सूत्र मात्र गाळाला चपखल बसले. कणाला खाली ओढणारे वजन त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाण्याचा विरोध मात्र व्यासाच्या प्रमाणात. दोन्ही जुळले की कण एका ठरावीक वेगाने खाली जाऊ लागतो आणि तो वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात येतो. कण दहापट बारीक, तर वेग शंभरपट कमी.

०.१ मिलिमीटरची बारीक वाळू पाण्यात सेकंदाला साधारण ९ मिलिमीटर उतरते. एक मीटर खोल पाण्यात ती दोन मिनिटांत तळाला. ०.०१ मिलिमीटरच्या पोयट्याला त्याच एका मीटरसाठी तीन तास लागतात. आणि ०.००१ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण? जवळजवळ १३ दिवस, तेही पाणी अगदी निश्चल असेल तर. (हे आकडे गोल कणांचे आहेत. चिकणमातीचे कण चपटे असतात, त्यामुळे ते आणखी रेंगाळतात.)

यावर कुणीही म्हणेल, मग मोठा खोल खड्डा खणा, पाणी तिथे जास्त वेळ राहील. इथेच गंमत आहे. १९०४ मध्ये ॲलन हेझन या अमेरिकी अभियंत्याने हा हिशोब मांडला आणि खोलीला त्यातून हद्दपार केले. खड्डा दुप्पट खोल केला की पाणी त्यात दुप्पट वेळ राहते, हे खरे. पण तळही दुप्पट लांब गेला ना! कणाला उतरायचे अंतर दुप्पट झाले. दोन्ही वाढ एकमेकींना खाऊन टाकतात. समीकरणात खोली वर एकदा येते, खाली एकदा येते आणि कटते. उरते काय? दर सेकंदाला येणारे पाणी भागिले खड्ड्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ. हा भागाकार वेगाच्या एककात येतो, आणि ज्या कणांचा उतरण्याचा वेग त्याहून जास्त, ते सगळे अडकतात. म्हणजे गाळाचा खड्डा विहिरीसारखा खोल नको, तळ्यासारखा पसरट हवा. (फार उथळही चालत नाही, कारण तळाचा गाळ पुन्हा उसळतो, पण तो वेगळा विषय.) इतका सोपा आणि इतका अनपेक्षित निष्कर्ष मला दुसरीकडे फारसा दिसलेला नाही.

आता हे आमच्या टेकडीला लावू. एक हेक्टर उघडी जमीन धरा. पाऊस तासाला २० मिलिमीटर, कोकणात हा काही विशेष पाऊस नव्हे. सगळे पाणी वाहून आले तर तासाला २०० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ लिटर. भागाकार करा. बारीक वाळू पकडायला खड्डा लागेल ६ चौरस मीटरचा, एका छोट्या खोलीएवढा. पोयटा पकडायला सुमारे ६०० चौरस मीटर, म्हणजे ६ गुंठे. चिकणमाती पकडायला ६ हेक्टर.

पुन्हा वाचा. एक हेक्टर प्लॉटचे पाणी स्वच्छ करायला सहा हेक्टरचे तळे. जाळीच्या भोकांचे माप, कापडाचा दर्जा, आयात की देशी, हे सारे वाद या आकड्यापुढे फोल आहेत. परदेशी नियमही इथे जसेच्या तसे चालत नाहीत. अमेरिकेत गाळाच्या तळ्यासाठी दर एकराला ३,६०० घनफूट असा एक रूढ हिशोब आहे. तो हेक्टरी २५० घनमीटर होतो, म्हणजेच २५ मिलिमीटर पावसाचे पाणी. कोकणात जुलैच्या एका दिवसात १०० मिलिमीटर कोसळला तर ते तळे चार वेळा भरून वाहील.

चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून मोठे का होत नाहीत, हा पुढचा प्रश्न. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. पाण्यातले धन आयन त्याभोवती ढगासारखे गोळा होतात आणि असे दोन ढगवाले कण जवळ आले की एकमेकांना ढकलतात. पाण्यात क्षार वाढले की हा ढग आक्रसतो, कण पुरेसे जवळ येतात, मग कमी अंतरावरचे आकर्षण बाजी मारते आणि त्यांचे पुंजके बनतात. नदीचे गोडे पाणी खाडीत खाऱ्याला भेटते तिथे गाळ बसण्यामागे हेही एक कारण आहे. १७व्या शतकात इंग्रजांची वखार होती त्या राजापूरपर्यंत गलबते येत, आज तिथे बंदर शोधावे लागते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की ती हेच काम झटपट करते: तिच्यातल्या ॲल्युमिनियमवर तिप्पट धनभार असतो. निर्मळीच्या बिया माठात घासायची जुनी पद्धतही त्याच कुळातली.

मग साइटवर तुरटी का टाकू नये? टाकतातही. पण तिने पाणी आम्लधर्मी होते, आणि पाऊस दर तासाला बदलत असताना मात्रा सांभाळणे सोपे नाही. पॉलिॲक्रिलामाइड नावाचे लांब साखळीचे रसायनही वापरतात. त्यातला ऋणभाराचा प्रकारच घ्यावा लागतो, कारण धनभाराचा प्रकार माशांच्या कल्ल्यांना चिकटून त्यांना गुदमरवतो. खाली कुणी कोळंबी किंवा मासे पकडत असेल, तर बाटलीवरचे लेबल वाचल्याशिवाय यातले काही ओतू नका. ‘एकदा फवारा, माती दगडासारखी’ असे सांगत द्रव विकणारे सध्या बरेच फिरतात. त्यांना एवढेच विचारावे की आमच्या मातीवर, आमच्या उतारावर, चार दिवस सलग पाऊस पडल्यावर हे कुणी मोजले आहे का. बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपते.

म्हणजे कण एकदा पाण्यात सुटला की खेळ हरल्यातच जमा. तो सुटतो कसा? वाहत्या पाण्याने, असे आपण समजतो. पण सुरुवात थेंब करतो. एक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला ४ मीटर वेगाने पडतो, पाच मिलिमीटरचा ९ मीटरने, म्हणजे ताशी ३२ किलोमीटरने. वस्तुमान सव्वाशेपट, वेग सव्वादोनपट, म्हणून मोठ्या थेंबाची ऊर्जा छोट्याच्या सहाशेपट. असा थेंब उघड्या मातीवर आपटला की ढेकूळ फुटते आणि कण दीड मीटरपर्यंत उडतात. पावसाळ्यात घराच्या भिंतीचा खालचा पट्टा लाल होतो, तो याच माऱ्याने. डब्ल्यू. डी. एलिसन या अमेरिकी संशोधकाने १९४४ मध्ये हे नीट दाखवून देईपर्यंत जमिनीची धूप म्हणजे फक्त वाहत्या पाण्याचे काम, असेच बहुतेक तज्ज्ञ मानत होते. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी मातीच्या भिंतीला झड लागू नये म्हणून झावळ्यांचा आडोसा केला, तो एलिसनला न विचारता.

थेंब मातीऐवजी दुसऱ्या कशावर आपटवायचा, हेच साहित्य निवडण्याचे पहिले तत्त्व. त्यासाठी सगळ्यात स्वस्त वस्तू भाताचा पेंढा. चौरस मीटरला अर्धा किलो, म्हणजे हेक्टरी पाच टन, नीट पसरला की जमीन जवळपास झाकली जाते आणि सौम्य उतारावर धूप कितीतरी पटींनी घटते. वाऱ्याने उडू नये म्हणून वरून सुंभाचे दोर आडवे-उभे ताणून खुंट्यांना बांधायचे. थोडा जास्त उतार आणि गवत पटकन रुजण्यासारखी माती असेल तर तागाची जाळी चालते, पण ती पावसाळा-दोन पावसाळ्यांत कुजते. खडा उतार असेल तर काथ्या. काथ्यात लिग्निनचे (लाकडाला कडकपणा देणाऱ्या घटकाचे) प्रमाण तागापेक्षा तीन-चारपट असते, आणि लिग्निन पचवणे बुरशी-जिवाणूंना जड जाते. म्हणून काथ्याचे भूवस्त्र (मातीवर अंथरायचे कापड) ओल्या मातीत दोन ते पाच वर्षे टिकते. तोवर गवताची मुळे धरतात आणि जाळी मातीतच मुरते. बाजारात ते चौरस मीटरला ४००, ७०० आणि ९०० ग्रॅम वजनात मिळते: हलके मध्यम उताराला, मधले खड्या उताराला, जड जिथे पाण्याचा लोंढा येतो तिथे. प्लास्टिकची ताडपत्री मातीच्या ढिगावर चार दिवस ठीक. पूर्ण उतारावर घातली तर थेंबाचा मार वाचतो खरा, पण एकही थेंब न मुरता सगळे पाणी वेगाने पायथ्याशी येते आणि तिथे घळ पाडते.

आपल्याकडे भूमिपूजनाला नारळ फुटतोच फुटतो. माती धरून ठेवायला ज्याचा खरा उपयोग, ते सोडण (नारळाचे साल) मात्र शेंडीपुरते ठेवून आधीच सोलून फेकलेले असते. पुढे उतार वाहून गेला की जागेचा दोष, राखणदार देवाचा कोप, आणि आणखी एक नारळ.

एक इशारा द्यायलाच हवा. पेंढा, काथ्या, वाळ्याची रोपे यांचे काम वरच्या थरापुरते. वाळ्याची मुळे तीन मीटरपर्यंत सरळ खाली जातात, म्हणून तो उत्तम. पण ‘वाळा लावला की डोंगर सुटत नाही’ हे ऐकून उभा कडा कापू नका. आपल्याकडे जांभ्याच्या टोपीखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-गुलाबी मऊ चिकणमाती असते. तिच्यात पाणी मुरून दाब वाढला की दहा-पंधरा मीटर खोलीवरून अख्खा भाग घसरतो, आणि वरची जाळी, गवत, वाळा सगळे त्याच्यासोबत खाली येते. २०२२ च्या पावसाळ्यात चिपळूणजवळच्या परशुराम घाटात दरडींमुळे महामार्गाची वाहतूक थांबवावी लागली, तो या दुसऱ्या जातीचा प्रश्न. त्यासाठी उताराचा कोन कमी करणे, पाण्याला वाट काढणे आणि भूतंत्र अभियंता, म्हणजे जमिनीच्या ताकदीचा हिशोब करणारा, हवा.

दगडी पिचिंगचे, म्हणजे उतारावर दगड बसवण्याचेही असेच. नुसते डबर रचले तर दगडांमधल्या फटींतून मागची माती निघून जाते आणि वर्षाभरात दगड खचतात. खाली खडीचा थर किंवा भूवस्त्र हवेच.

सुपरवायझरला मी शेवटी यातले निम्मेही सांगितले नाही. त्याने पेंढा कुठे मिळेल एवढेच विचारले, आणि वरच्या दोन पायऱ्यांच्या उताराला काथ्याही मागवला. आठवड्याने पाहिले तर काथ्या पसरलेला होता, पण खुंट्या दोन-दोन मीटरवर, आणि खालची पट्टी वरच्या पट्टीवर चढवलेली. कौले कशी घालतात ते त्याला दाखवले: वरचे नेहमी खालच्यावर. जाळीचा माथ्याकडचा काठ वीतभर चरात पुरायचा, जमीन आधी दाताळ्याने सपाट करायची, आणि शेवटी जाळीखाली हात घालून पाहायचे. त्या दिवशी हात कोपरापर्यंत आत गेला. आत पाण्याने बोटभर रुंदीची नाळ आधीच पाडून ठेवली होती.