रेझिस्टन्स जास्त म्हणजे हीटर जास्त तापतो? नाही हो, उलट आहे

"रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) जेवढा जास्त तेवढी उष्णता जास्त" हे वर्षानुवर्षं सगळीकडे सांगितलं जातं आणि ते अर्धवट आहे, म्हणून आकडे मांडूनच बघू.

230 व्होल्टवर 2000 वॅटचा हीटर साधारण 8.7 अँपिअर करंट घेतो, आता व्होल्टेजला करंटने भागा, रेझिस्टन्स येतो जेमतेम 26 ओहम. 100 वॅटचा पिवळा बल्ब घेतो 0.43 अँपिअर, म्हणजे जवळपास 530 ओहम! बल्बचा रेझिस्टन्स वीसपट आणि पॉवर वीसपट कमी.

घोळ होतो तो पॉवर म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स या सूत्रामुळे, सूत्र बरोबरच आहे पण रेझिस्टन्स वाढला की करंट पडतो हे लोक विसरतात, करंट तोच राहिला तरच रेझिस्टन्ससोबत पॉवर वाढते, जसं सिरीजमध्ये (एकामागे एक, म्हणजे दोन्हींतून करंट तोच) 40 आणि 100 वॅटचे बल्ब जोडले तर जास्त रेझिस्टन्सचा 40 वालाच जास्त उजळतो.

आणि हो, बंद बल्ब मल्टीमीटरने मोजून पॉवर काढू नका, थंड फिलामेंट (त्या 100 वॅटच्या बल्बमधली तार) 40 ओहमच्या आसपास दाखवते, तापल्यावरच ते 530 पर्यंत जातं.