हीटिंग ऑइलची ऑनलाइन ऑर्डर (अमेरिका)

अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे मेन, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यूयॉर्क या पट्ट्यात, अजूनही लाखो घरं हीटिंग ऑइल, म्हणजे डिझेलसारखं तेल, जाळून गरम ठेवतात. तळघरात बहुतेक 275 गॅलनची टाकी असते (साधारण 1,040 लिटर, पण भरतात 250च्या आसपासच) आणि टँकरवाला बाहेरच्या पाइपातून तेल भरून जातो, भरताना शिट्टी वाजत राहते, ती थांबली की टाकी भरली.

पूर्वी टाकीवरचं पातळीचं गेज बघून डीलरला फोन करायचा. आता वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर पिनकोड टाकला की त्या दिवसाचा गॅलनचा भाव दिसतो, कार्डने पैसे भरून दिवस ठरवायचा, बऱ्याच ठिकाणी किमान 100 गॅलन घ्यावे लागतात.

दुसरा प्रकार ऑटोमॅटिक डिलिव्हरीचा, ज्यात टँकर कधी पाठवायचा ते डीलरच ठरवतो. त्यामागचा हिशोब डिग्री-डेचा. दिवसाचं सरासरी तापमान 65 फॅरनहाइटपेक्षा जितकं खाली तितके डिग्री-डे, आणि एका गॅलनमागे किती डिग्री-डे निघतात तो त्या घराचा के-फॅक्टर. समजा सरासरी तापमान 25 फॅरनहाइट आणि के-फॅक्टर 5, तर 40 डिग्री-डे म्हणजे 8 गॅलन तेल गेलं, अशी थंडी टिकली तर भरलेली टाकी महिनाभरच पुरते. या मोजणीचं मूळ काहीजण 1735 सालच्या रोम्युर या फ्रेंच शास्त्रज्ञापर्यंत नेतात, पण त्याची बेरीज पिकांच्या वाढीसाठी होती आणि ठराविक बेस तापमान धरून हिशोब नीट मांडला तो 1878 च्या सुमारास रिचर्ड स्ट्रेचीने (हा ब्रिटिश अधिकारी भारतात बंगाल इंजिनिअर्स या लष्करी दलात होता), तोही शेतीसाठीच, तरी श्रेय त्याला देणं जास्त पटतं. घरं गरम करायच्या हिशोबात ही पद्धत बहुधा 1920च्या दशकात अमेरिकन गॅस कंपन्यांमुळे आली.

लाकडाची शेगडी किंवा हीट पंप (बाहेरची उष्णता आत आणणारं विजेचं यंत्र) जोडीला असला की के-फॅक्टर चुकतो, म्हणून आता टाकीवर अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवतात, तो पातळी मोजून थेट डीलरला कळवतो. हा बदल खरंच मोलाचा आहे, कारण ऐन थंडीत टाकी कोरडी पडली तर नुसतं तेल ओतून भागत नाही, पाइपात शिरलेली हवा काढून बर्नर परत चालू करावा लागतो आणि तोवर घरातले पाण्याचे पाइप गोठून फुटू शकतात.

उत्तर आयर्लंडमध्येही बहुसंख्य घरं तेलावरच आहेत, तिथे मात्र जळतं ते केरोसीन आणि ऑर्डर लिटरमध्ये देतात.