कांग यात्से-2 ची तयारी: विदर्भात काय होतं, काय होत नाही

2018 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. सपाट, तापट मुलखातल्या पायांनी हिमालय चढता येतो, याला आता वेगळा पुरावा नको. पण ती मुलं थेट एव्हरेस्टला गेली नव्हती. त्याआधी दार्जिलिंग आणि लडाखमध्ये त्यांचं प्रशिक्षण झालं होतं. ही पायरी का गाळता येत नाही, ते लडाखमधल्या कांग यात्से-2 या सुमारे 6,250 मीटरच्या शिखराच्या उदाहरणाने पाहू. इथे अवघड खडकारोहण नाही, पण क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे धातूचे काटे, लावून बर्फाचा लांबलचक उतार चढावा लागतो.

हवेत ऑक्सिजन सगळीकडे 20.9 टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो पाऱ्याच्या 760 मिलिमीटर इतका, लेहला सुमारे 505 आणि या माथ्यावर 355 च्या आसपास. शिवाय श्वासनलिकेत शिरताच हवा ओली होते आणि त्या दाबातले 47 मिलिमीटर पाण्याची वाफच खाते. ही वाफ शरीराच्या तापमानावर ठरते, त्यामुळे वर गेलं तरी ती घटत नाही. उरलेल्यातला पाचवा हिस्सा ऑक्सिजनचा. म्हणजे सपाटीवर 149, माथ्यावर जेमतेम 65. दमाचं काम करण्याची शरीराची कमाल ताकद तिथे निम्म्यावर येते.

चिखलदऱ्याला आठ दिवस राहिलं की उंचीची सवय होते, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. 1,100 मीटरवर दाब 670 च्या घरात असतो, शरीराला त्याची जागही येत नाही. तिथला चढ पायांसाठी उत्तम, पण रक्तासाठी त्याचा उपयोग शून्य.

खरी सवय लागते कशी? ऑक्सिजन घटला की मानेतल्या धमन्यांपाशी असलेले बारीक संवेदक श्वास वाढवायला लावतात. जास्त श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कलीकडे झुकतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. रात्री ही ओढाताण उघड दिसते. झोपलेल्या माणसाचा श्वास खोल खोल होत जातो, मग काही सेकंद थांबतो, मग एकदम सुरू होतो. शेजारचा घाबरतो, पण एवढ्या उंचीवर हे नेहमीचंच आहे. दोन ते चार दिवसांत मूत्रपिंडं रक्तातलं जास्तीचं अल्कली, म्हणजे बायकार्बोनेट, लघवीवाटे बाहेर टाकतात आणि लगाम सैल होतो. म्हणून लेहला पोचल्यावर लघवी वाढली तर ते चांगलं लक्षण समजावं. नव्या तांबड्या पेशी मात्र आठवड्यांच्या हिशेबाने वाढतात, छोट्या मोहिमेत त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

पेशी घडायला लोह लागतं, तेव्हा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) निघण्याआधी निदान दोन महिने तपासावं. आणि विदर्भातल्या माणसाने एक तपासणी चुकवूच नये, ती सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. आपल्याकडे अनेक समाजांत हा जनुक आहे. दोन्ही पालकांकडून तो आला असेल, म्हणजे अहवालात 'एसएस' असेल, तर या उंचीवर जाऊ नये. 'एएस', म्हणजे वाहक, माणूस गावात धडधाकट असतो, पऱ्हाटी वेचतो, बंडी हाकतो, कधी काही जाणवत नाही. पण ऑक्सिजन घटला की त्याच्याही पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. प्लीहेत रक्त संथ वाहतं, तिथे त्या अडकतात आणि प्लीहेचा तुकडा मरतो. डाव्या बरगडीखाली अचानक कळ येते, उलटी होते, आणि गॅस झाला म्हणून दुर्लक्ष होतं. वाहकाने डॉक्टरशी बोलल्याशिवाय निघू नये. वर अशी कळ आली तर लगेच उतरावं. सोल्युबिलिटी चाचणी फक्त जनुक आहे की नाही एवढंच सांगते. एसएस की एएस हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचण्यांनीच ठरतं. लोहाच्या गोळ्याही हा अहवाल हातात आल्यावर, डॉक्टरला विचारूनच घ्याव्यात.

आता पायांकडे वळू. त्यांची तयारी पूर्णपणे गावात होते, फक्त 16 आठवडे हवेत. ऑगस्टची मोहीम असेल तर सराव एप्रिल-मेमध्ये येतो, तेव्हा झुंजूमुंजू व्हायच्या आत निघून ऊन चढायच्या आत घरी यावं. पहिले चार आठवडे आठवड्यातून चार दिवस तासभर, बोलता येईल इतक्याच वेगाने चालावं. धाप लागेपर्यंत पळणाऱ्यांचा दम वाढतो, पण सात-आठ तासांचा संथ चढ त्यांना झेपत नाही.

पाचव्या आठवड्यापासून ओझं आणि चढ सुरू करावा. धरणाची भिंत, रामटेकच्या गडमंदिराच्या पायऱ्या, जे जवळ असेल ते चालेल. हिशेब सोपा आहे. 15 सेंटिमीटरच्या 2,000 पायऱ्या म्हणजे 300 मीटर चढ. तलावाची पाळ पाच मीटर उंच असेल तर 60 फेऱ्या. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. पाठपिशवीत पाण्याच्या कॅन भराव्यात, सहा किलोपासून सुरुवात करून 12 पर्यंत न्यावं. सुरुवातीला वर पोचल्यावर पाणी ओतून रिकामं उतरावं, गुडघे वाचतात. अकराव्या आठवड्यापासून मात्र भरल्या ओझ्यानेच उतरावं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्याचे तंतू फाटतात, आणि आधी थोडे फाटून भरलेले असले की पुढच्या वेळी कमी फाटतात. माथ्यावरून परतताना पाय लटपटून घसरणारे बहुतेक उतरण्याचा सराव न केलेले असतात. शेवटी एका सकाळी 10 किलोसह 800 ते 1,000 मीटर चढ जमला पाहिजे. निघण्याआधीचे दहा दिवस हलकं चालावं.

बूट इथेच दोन मोज्यांवर घालून 50 तास तरी वापरावेत, आणि जाड हातमोजे चढवून अंधारात क्रॅम्पॉनचे पट्टे बांधून पाहावेत.

नागपूरहून दिल्लीमार्गे विमानाने लेह गाठलं की माणूस एका दिवसात 310 वरून 3,500 मीटरवर जातो. तिथे तीन रात्री राहावं, पहिले दोन दिवस आराम. मनालीहून गाडीने जाणं सौम्य, हा समज फसवा आहे. वाटेत सरचूला मुक्काम केला तर ती रात्र सुमारे 4,300 मीटरवर जाते. 3,000 मीटरनंतर झोपायची जागा रोज 500 मीटरहून जास्त वर नेऊ नये, दिवसा वर जाऊन खाली झोपायला यावं. मारखा खोऱ्यातून सुमारे 4,700 मीटरवरच्या निमालिंगला चढताना ही मर्यादा सहज ओलांडली जाते, म्हणून तिथे दोन रात्री काढाव्यात. डॉक्टरने असेटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचं औषध दिलं तर नेहमीचा डोस 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे 250 ची अर्धी गोळी, उंचीवर जायच्या आदल्या दिवसापासून. ती मूत्रपिंडांचं तेच काम लवकर करून देते. बोटांना मुंग्या येतात. सल्फाची अॅलर्जी असल्यास आधी सांगावं.

डोकं दुखून भूक गेली, मळमळलं, तर त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप, खोकला, निळसर ओठ म्हणजे फुप्फुसात पाणी. मेंदूला सूज आहे का, हे पाहायला जमिनीवर रेघ ओढून टाच-पंजा जोडत चालायला लावावं. फुप्फुसात पाणी दिसलं किंवा तोल गेला तर सकाळची वाट न पाहता, सोबत माणूस देऊन त्याच रात्री 500 ते 1,000 मीटर खाली न्यावं. ऑक्सिमीटरच्या आकड्यावर हा निर्णय सोडू नये, गार बोटावर तो चुकतो.

सुमारे 5,100 मीटरच्या तळावरून रात्री बारा-एकला निघतात. ताशी 150 ते 200 मीटर चढ धरला तर सहा ते आठ तास लागतात. बाटली पिशवीत उलटी ठेवावी. पाणी वरून गोठतं, त्यामुळे झाकणाकडचं प्यायला मिळतं. परतीची वेळ तळावरच ठरवावी. सकाळी नऊ उत्तम. त्यानंतर उन्हाने बर्फ मऊ होतं, क्रॅम्पॉनखाली गोळे धरतं आणि पाय सुटतो. माथा शंभर मीटरवर दिसत असला तरी नऊ वाजता वळायचं.