हान आणि सौदादे

कोरियन भाषेतील ‘हान’ आणि पोर्तुगीज भाषेतील ‘सौदादे’ ही मनात मुरलेल्या दुःखाची दोन नावे. दोन्हींचा अनुवाद होत नाही, असे सांगण्याची प्रथा आहे. मराठीत मात्र हानला ‘सल’ आणि सौदादेला ‘हुरहूर’ हे शब्द बरेच जवळ जातात. या भावनांमधला फरक कळतो तो त्यांच्यासोबत येणाऱ्या क्रियापदांवरून.

हानचे मूळ रोष आणि खंत या अर्थांच्या एका चिनी अक्षरात आहे. अन्याय सोसला आणि दाद मिळाली नाही, की मनात हानची गाठ बसते. ही गाठ ‘सोडवायची’ असते. सोडवणे या अर्थाच्या ‘पुल्दा’ क्रियापदातूनच ‘सालपुरी’ या नृत्याचे नाव आले. जिंदो बेटावरील ‘सित्किमगुत’ विधीत तर मृताचे राहून गेलेले दुःख अक्षरशः धुतले जाते. 1950–53 च्या कोरियन युद्धात ताटातूट झालेल्या कुटुंबांसाठी 1983 मध्ये दक्षिण कोरियाच्या केबीएस वाहिनीने केलेले थेट प्रक्षेपण 138 दिवस चालले. तीस वर्षांची गाठ पडद्यावर सुटताना साऱ्या देशाने पाहिली.

तरीही हानला कोरियनांचा जन्मजात स्वभाव मानणे चूक ठरेल. जपानी राजवटीत (1910–45) यानागी मुनेयोशी या जपानी समीक्षकाने कोरियन कलेवर ‘दुःखाचे सौंदर्य’ असा शिक्का मारला. हानच्या आजच्या राष्ट्रीय अर्थावर त्याची छाया असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. पोर्तुगालमध्येही कवी तैशैरा द पाश्कोआइश यांनी 1912 च्या सुमारास सौदादेला राष्ट्राचा आत्मा ठरवले. फरक इतकाच, की तिथे हे काम घरच्याच माणसाने केले.

सौदादेत दोषी कोणी नसतो. एकटेपणा या अर्थाच्या लॅटिन शब्दातून ती आली. पंधराव्या शतकात राजा दुआर्ते याने तिच्यावर लिहिताना तिच्यातल्या गोडव्याचीही दखल घेतली होती. पोर्तुगीज माणसाजवळ सौदादे ‘असते’, आणि भेट झाली की तो ती ‘मारतो’. त्या भाषेत भूक-तहानही मारली जाते, म्हणजे भागवली जाते. आणि भुकेसारखीच सौदादेही पुन्हा लागते. पोर्तुगालच्या फादू गायनाचा ती प्राण आहे. केप व्हर्देच्या मोर्ना गीतांत ती ‘सोदादे’ होते.

गोव्यातील मांडो या गीतप्रकारालाही याच विरहाचा सूर आहे. निरोपाच्या प्रसिद्ध मांडोचा पहिला शब्द ‘आदेउस’ हा पोर्तुगीज. लगेच पुढे कोकणी सुरू होते.