वळचणीचं पाणी आढ्याला

पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की नाशिककर एकमेकांना आकडे विचारत नाहीत. ‘मारुतीच्या कुठवर आलं?’ एवढंच विचारतात. रामकुंडाजवळ गोदापात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही आमची पिढीजात मोजपट्टी आहे. पाणी गुडघ्याला लागलं तर लोक बघायला जातात, कंबरेला आलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात, आणि गळ्याशी पोचलं की कुणाला काही सांगावं लागत नाही. १९६९, २००८ आणि २०१६ चे पूर याच मापाने लोकांच्या लक्षात आहेत.

या पुराचं पाणी पुढे जातं बंगालच्या उपसागराला. शाळेत हे आपण पाठ केलेलं असतं, म्हणून त्यात नवल वाटत नाही. वाटायला हवं. गोदावरी उगम पावते त्या त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटरवर आहे. गोदावरी मात्र त्या समुद्राकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालत देशाच्या दुसऱ्या टोकाला जाते. त्याच डोंगररांगेत, तिच्या उगमापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर वैतरणा उगम पावते. ती पश्चिमेला वळते आणि साधारण दीडशे किलोमीटरमध्ये सफाळे-विरारच्या मधल्या खाडीतून समुद्राला मिळतेसुद्धा.

घराच्या छपराचा विचार करा. आढ्यावर पडलेला थेंब पुढच्या पाख्यावर जायचा की मागच्या, हे बोटभर अंतरावर ठरतं. सह्याद्री हे असंच एक आढं आहे, फक्त त्याची दोन पाखी सारखी नाहीत. पश्चिमेचं पाखं आखूड आणि जवळजवळ उभं, पूर्वेचं लांबच लांब आणि इतकं सपाट की उतार आहे हे डोळ्यांना कळतही नाही. त्र्यंबक गावाची उंची सुमारे ७२० मीटर. तिथून समुद्रापर्यंत गोदावरीला मिळणारा उतार सरासरी काढला तर किलोमीटरमागे जेमतेम अर्धा मीटर येतो. वैतरणेला तोच हिशेब लावला तर किलोमीटरमागे साडेचार-पावणेपाच मीटर. त्यातलाही मोठा भाग ती घाटात एकदम उतरते. हा उतार अंगावर अनुभवायचा असेल तर मुंबईहून नाशिकला रेल्वेने यावं. कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात, कारण पुढे इगतपुरीपर्यंत ३७ मीटरला एक मीटर असा चढ आहे.

छप्पर असं एकांगी का झालं, याचं उत्तर खडकात आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर येत राहिला. एक थर थिजला की त्यावर दुसरा, अशी भाकरीच्या चवडीसारखी ही रचना आहे. नाशिकजवळच्या अंजनेरी किंवा रामशेज डोंगराकडे लांबून पाहिलं तर आडव्या रेघा सहज मोजता येतात. पुढे काही दशलक्ष वर्षांतच, म्हणजे भूगर्भाच्या घड्याळात लगेचच, आजचा सेशेल्स बेटांचा भूभाग भारतापासून तुटला आणि पश्चिमेला समुद्र शिरला. तुटलेली कड उंचावलेली राहिली, पठार पूर्वेकडे कललं, आणि त्यावरचं पाणी समुद्र हाकेच्या अंतरावर असताना उलट्या दिशेने वाहू लागलं.

ती मूळची कड आजच्या सह्याद्रीच्या जागी नव्हती. ती किनाऱ्याच्या बाजूला होती आणि झिजत झिजत मागे, म्हणजे पूर्वेकडे सरकली, असं भूरूपशास्त्र सांगतं. पन्नास-साठ किलोमीटर माघार आणि सहा कोटी वर्षं असा ढोबळ भागाकार केला तर वर्षाला मिलिमीटरभर येते. प्रत्यक्षात हा वेग सगळा काळ सारखा नव्हता. सुरुवातीला झपाटा मोठा असतो, मग मंदावतो. ही झीज करणारे कामगार म्हणजे पश्चिमेच्या आखूड नद्या. नदीची खडक कापण्याची ताकद दोन गोष्टींवर ठरते, पाणी किती आणि उतार किती. पश्चिमेच्या नद्यांकडे दोन्ही भरपूर. समुद्रावरून आलेले ढग डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. इगतपुरीला वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या नाशिक शहराला सातशेच्या आसपास, आणि पुढे सिन्नर-निफाडकडे त्याहूनही कमी. त्यामुळे कोकणात उतरणारी नदी आपल्या उगमाकडे कडा कुरतडत मागे येते, आणि पठारावर संथ वाहणारी पूर्वेची नदी ते निमूट सोसते. कुरतडत आलेली नदी कधी पलीकडच्या नदीच्या पात्रापर्यंत पोचली, तर त्या नदीचं वरचं पाणी आपल्याकडे ओढून घेते. भूगोलाच्या पुस्तकात याला नदीचौर्य म्हणतात. इतका नेमका शब्द शास्त्रात क्वचित सापडतो.

तेव्हा आढं स्थिर नाही. आपल्या आयुष्याच्या मापाने ते हलत नाही एवढंच.

गोदावरी आणि वैतरणा ही जोडी सगळ्यांना माहीत असते. मला त्याहून गंमत वाटते ती सुरगाण्याकडच्या केमच्या डोंगराची. तिथून गिरणा निघते आणि पूर्वेला वाहते. कळवण, देवळा, मालेगाव करत ती खानदेशात शिरते. एखाद्याला वाटेल, चालली ही गोदावरीच्या मागोमाग. पण जळगाव जिल्ह्यात ती तापीला मिळते, आणि तापी पश्चिमवाहिनी. म्हणजे घाटमाथ्यावरून पूर्वेला गेलेलं पाणी अर्धा खानदेश हिंडून सुरतेजवळ पुन्हा अरबी समुद्रातच येतं. त्याच भागातून पार नदी मात्र सरळ पश्चिमेला उतरते आणि सुमारे ८० किलोमीटरमध्ये वलसाड जिल्ह्यात समुद्र गाठते. दिंडोरी तालुक्यात उगम पावणारी दमणगंगा १३१ किलोमीटर वाहून दमणला पोचते. एका जिल्ह्याचा पाऊस असा तीन वाटांनी जातो: गोदावरीतून पूर्वेला, तापीतून वळसा घेऊन पश्चिमेला, आणि घाट उतरून थेट पश्चिमेला.

वाटा वेगळ्या, तशी टोकंही वेगळी. गोदावरी वाटेत गाळ गोळा करत जाते, राजमहेंद्रीच्या पुढे तिचा वेग मोडतो आणि गाळ टाकून ती त्रिभुज प्रदेश तयार करते. तिथे तिच्या एका मोठ्या फाट्याचं नाव गौतमी आहे. ब्रह्मगिरीवर गंगा, म्हणजे हीच गोदावरी, आणणाऱ्या गौतम ऋषींचं नाव चौदाशे किलोमीटर प्रवास करून तिथे पोचलं, हे मला कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त बोलकं वाटतं. कोकणच्या नद्यांना असा त्रिभुज प्रदेश नाही. त्यांच्या मुखाशी खाड्या आहेत. भरतीचं पाणी आत घुसतं आणि गाळ टिकू देत नाही.

या सगळ्यात एक विसंगती मात्र हसण्यासारखी नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक हे जिल्ह्यातल्या सगळ्यात ओल्या तालुक्यांपैकी, आणि एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. लाव्हा थिजून झालेल्या बेसॉल्ट खडकाचा घट्ट थर पाणी मुरू देत नाही. जे थोडं मुरतं ते भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून, आणि खालचा अभेद्य थर लागला की झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. ब्रह्मगिरीवर दिसणारी गंगा लुप्त होते, गंगाद्वारला पुन्हा प्रकटते, पुढे कुशावर्त कुंडात येते, ही कथा अशाच खडकावर शोभते. वर माती पातळ, उतार तीव्र. जून ते सप्टेंबरचा पाऊस दिवाळीच्या आत कोकणात पोचलेला असतो.

तो तिथे पोचू नये, वरच अडावा, म्हणून माणसानेही आपली करामत केली. अप्पर वैतरणा धरण १९७३ चं. पहिनेची बारी ओलांडून घोटीकडे निघालं की पुढे त्याचा जलाशय दिसायला लागतो. त्याच्या पाण्यावर आधी वीज तयार होते, मग ते खालच्या मोडक सागर धरणात जातं आणि तिथून मुंबईच्या नळाला. नाशिकच्या हद्दीत पडलेला पाऊस मुंबई पिते, यावर इकडे पारावरच्या गप्पा कधी संपत नाहीत.

आता चर्चा उलट दिशेची आहे. पश्चिमेला उतरणाऱ्या नार आणि पार नद्यांचं पाणी गिरणेत वळवायचं, दमणगंगेचं गोदावरीत. ‘वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही’ ही म्हण यासाठीच असावी, पण पंप लावला तर ते जातं. प्रश्न विजेचा आणि खर्चाचा. हिशेब शाळकरी आहे. एक घनमीटर पाणी १०० मीटर उचलायला पाव युनिटाहून किंचित जास्त वीज लागते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजेच २ कोटी ८३ लाख घनमीटर. तेव्हा एक टीएमसी पाणी १०० मीटर वर चढवायला सुमारे ७७ लाख युनिट लागतात, आणि पंप-पाइपातली गळती धरली तर कोटीच्या घरात. उंची दुप्पट झाली की वीजही दुप्पट. म्हणून पाणी कडा उतरण्याआधी, जितकं वर अडवाल तितकं स्वस्त. पण जितकं वर जाल तितकं पाणलोट क्षेत्र लहान आणि अडणारं पाणी कमी. खाली पाणी भरपूर, वीज महाग. वर वीज स्वस्त, पाणी तोकडं. धरणाची जागा ठरवणाऱ्या अभियंत्याला या दोन टोकांमध्ये नकाशावर कुठंतरी बोट ठेवावं लागतं, आणि ते बोट जिथे पडतं तिथे बहुधा एखादा पाडा असतो.